खोली नंबर पस्तीसमधला भिकू

तारीख दहा मार्च, रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: आमची खोली, नंबर चौतीस, दुसरा मजला, लालबाग. हजर: आजी, आई, सुनीताताई, शेजारच्या पस्तीस नंबरातली शेवंताआजी, तिचा मुलगा वसंतकाका, तिसऱ्या मजल्यावरचे गुरव मास्तर आणि मी. गैरहजर: बाबा, कॉटन ग्रीनच्या गोदामावर ड्युटी, आणि वसंतकाकांचा मुलगा सुधीर, त्याला भायखळ्याला भाजी आणायला मुद्दाम धाडलेलं. विषय: बाबा नक्की कोणाचे.

हे मी माझ्या तेव्हाच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मी सोळा वर्षांची होते, अकरावीत, आणि आमच्या घरात जे काही कागदावर यायचं ते माझ्या हातून यायचं. वाण्याची यादी, गावाला न्यायच्या सामानाची यादी, गणपतीत कोणत्या दिवशी कोण जेवायला येणार त्याची यादी. ही खोड आजीची. तिला लिहिता येत नव्हतं, पण गिरण्या चालू होत्या तेव्हा ती खाणावळ चालवायची. सहा-सात गाववाले तिच्याकडे जेवायला असत, आणि आज कोण येणार, कोण रात्रपाळीला, कोण गावी गेलाय, हे ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडायची. प्रत्येकाची खूण वेगळी. एकाची आडवी रेघ, एकाची तिरकी, एकाची फुली. गिरण्या बंद पडल्या, जेवणारे गावी गेले नाहीतर आणखी कुठे पांगले, भिंतीला दोनदा रंग दिला, तरी उन्हं तिरपी आली की त्या रेघा खालून दिसायच्या. मोठी टोपं मात्र माळ्यावर राहिली. पाच माणसांच्या घरात आजीला कुळथाची पिठी कधी पाच माणसांची करता आली नाही. ती दहा जणांची व्हायची, आणि उरलेली पस्तीस नंबरात जायची.

चौतीस आणि पस्तीसच्या मधली भिंत विटांची नव्हती. फळ्या ठोकलेल्या, वरून हातभर मोकळी. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका. शेवंताआजी लाटण्याने फळीवर दोनदा ठोकायची म्हणजे चहा टाकलाय, तीनदा ठोकलं म्हणजे कोळीण आली. खालच्या गल्लीत मसाला कुटायची यंत्रं सकाळी नऊला सुरू होत आणि त्यांच्या धपधपीवर आमच्या मांडणीतली भांडी दिवसभर बारीक किणकिणत असत. मी त्या आवाजात वाढले, त्या आवाजात अभ्यास केला. आज मुलुंडच्या शांत फ्लॅटमध्ये बसून लिहिताना मला एकाग्र होता येत नाही, याचं कारण तेच असावं.

त्या वर्षी ताईचं सुधीरशी ठरलं होतं. लांबून बघून, पत्रिका जुळवून ठरलेलं नव्हे. फळीच्या दोन बाजूंना दोघं वाढली, आणि कधीतरी सगळ्यांना एकदम कळलं की आता ठरवायलाच हवं. सुधीर छापखान्यात कंपोझिंगला होता, सरळ मुलगा, जरा जास्तच हसायचा. त्याची आई तो दुसरीत असताना गेली. त्याला वाढवला शेवंताआजीने आणि अर्धाअधिक माझ्या आईने. आडनावं वेगळी, गावं वेगळी, देवक विचारलं तेही वेगळं निघालं. पाडव्याला साखरपुडा धरला. यादी अर्थातच माझ्याकडे: माणसं बेचाळीस, नारळ पाच, पेढे, सतरंज्या मंडळाकडून, खुर्च्या मास्तरांच्या ओळखीने.

आणि त्याच वेळी शिरगणती आली. आमच्या चाळीसाठी एक तरुण शिक्षिका नेमली होती. तिला खोल्यांचे नंबर लागेनात, कारण चाळीत एका खोलीच्या दोन आणि दोनाच्या तीन झालेल्या. ती रडकुंडीला येऊन गुरव मास्तरांकडे गेली. मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेले, पण त्याआधी तीन शिरगणत्यांत त्यांनीच आमची चाळ मोजलेली. सरकारी कागद सरकारजमा झाले. पण घरोघर फिरताना आधी कच्च्या वहीत उतरवायचं आणि मग फॉर्म भरायचा, ही त्यांची पद्धत होती. त्या कच्च्या वह्या त्यांच्या ट्रंकेत होत्या. "विजया, तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले, "जुने नंबर, नवे नंबर असा एक तक्ता करून दे बाईंना." मला असलं काम म्हणजे श्रीखंड. मी वह्या घरी आणल्या आणि माळ्याच्या शिडीखाली बसून तक्ता आखला.

सगळ्यात जुन्या वहीत शाई तपकिरी झाली होती. प्रत्येक खोलीला एक पान. मी साहजिकच आधी आमचं पान उघडलं. खोली चौतीस. कुटुंबप्रमुख रामचंद्र, गिरणीकामगार. हे माझे आजोबा, मी त्यांना पाहिलेलं नाही. पत्नी पार्वती, म्हणजे आजी. त्याखाली सहा जेवणकऱ्यांची नावं. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, असा नियम, म्हणून खाणावळीतली माणसं पण आमच्यातच धरलेली. एकूण आठ. मूल नाही. मी पुन्हा मोजलं. बाबा तेव्हा तीन वर्षांचे असायला हवे होते. मूल नाही.

मग मी पान उलटलं. खोली पस्तीस. प्रमुख, पत्नी शेवंती, मुलगा वसंत वय पाच, मुलगा भिकू वय तीन.

माझ्या बाबांचं नाव भिकाजी.

पहिल्यांदा मला वाटलं, दुसरा कोणी भिकू असेल. आमच्या कोकणात भिकू ढिगाने सापडतील. शेवंताआजीचा एक मुलगा लहानपणी गेला असेल. मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. आई म्हणाली, "नाही गं, त्यांना वसंतभावजी आणि एक मुलगी. मुलगी सासरी बडोद्याला. बाकी कोणी नाही." मग मी दहा वर्षांनंतरची वही काढली. त्यात पस्तीस नंबरात वसंत वय पंधरा आणि एक मुलगी. भिकू नाही. आणि चौतीस नंबरात, रामचंद्र आणि पार्वतीच्या खाली, मुलगा भिकाजी, वय तेरा. म्हणजे एक मुलगा मधल्या दहा वर्षांत फळीच्या त्या बाजूकडून ह्या बाजूला आला होता. बाबा शेवंताआजीचे असतील, तर ते आणि वसंतकाका सख्खे भाऊ. आणि ताई आणि सुधीर चुलत बहीण-भाऊ.

पाडव्याला बारा दिवस होते.

मी कोणाला सांगितलं नाही. मी यादी केली. डावीकडे 'आपले', उजवीकडे 'त्यांचे', आणि जे दिसेल ते एका बाजूला. चार दिवसांत उजवी बाजू भरून दुसऱ्या पानावर गेली. ज्या गोष्टींकडे मी जन्मापासून बघत होते त्या सगळ्या एकाएकी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. दिवाळीच्या पहिल्या दिवशी बाबा पहिलं पान मांडायचे ते पस्तीस नंबरात. कामावर जाताना पाया पडायचे ते आधी शेवंताआजीच्या. मासळीतला मधला तुकडा ती बाजूला काढायची, तो वसंतकाकांना नाही, बाबांना. आजी बाबांना हाक मारताना नाव घ्यायची नाही, "ह्यो" म्हणायची, आणि चाळीत कोणी बाबांचं कौतुक केलं तर म्हणायची, "शेवंताचो झील तो, माका काय सांगतास?" शेवंताचा मुलगा म्हणे, म्हणून सगळे हसायचे. मीही हसले होते. आता ते वाक्य मी यादीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाबा आणि वसंतकाका गॅलरीत शेजारी उभे राहून दाढी करायचे तेव्हा मी दोघांचे कान तपासले. कान सारखे नव्हते. पण दोघांनाही समोरून टक्कल पडत होतं, आणि दोघेही चालताना उजवा खांदा खाली टाकायचे. डावीकडे लिहायला एकच गोष्ट मिळाली: बाबांचा शाळेचा दाखला, त्यावर आजोबांचं नाव. तोही मी लिहून खोडला. शाळेत काय, जे सांगतील ते लिहितात.

पाचव्या दिवशी शेवंताआजी एकटी सापडली. सुपात तांदूळ निवडत उंबऱ्यात बसली होती. मी शेजारी बसून दोन खडे काढले आणि विचारलं, "शेवंताआजी, बाबा लहानपणी तुमच्याकडे राहायचे?"

"माझ्याकडे म्हणजे? माझोच तो."

"तसं नाही. खरंच."

"खरांच सांगतंय. भिकू माझो. इचार तुझ्या आजयेक."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करताना डावा डोळा बारीक करायची. तिने केला नाही. सूप पाखडलं आणि आत गेली.

आजी न्हाणीघराच्या कट्ट्याजवळ बांगडे साफ करत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. सोळाव्या वर्षी माणसाला वाटतं की सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं. "आजी, बाबा तुझेच ना?"

तिचा हात थांबला. विळीवर बांगडा तसाच. "कोणी सांगल्यान तुका?"

"कोणी नाही. तू सांग. तुझेच ना?"

"पाणी आण."

"आजी—"

"पाणी आण म्हणतंय! लय शानी झालंस. तोंड आवर." आणि मग तिने मला तेव्हा न कळलेली एक गोष्ट केली. मासळीच्या हाताने उठली, दारापर्यंत गेली, खुंटीवरच्या बाबांच्या खाकी शर्टाकडे बघून दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकड मोडली, आणि परत येऊन बसली. त्या दुपारी तिच्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडली नाहीत. आजी तिरफळं विसरली, हे मी यादीत उजवीकडे लिहिलं.

संध्याकाळी मी वह्या घेऊन मास्तरांकडे गेले. मास्तरांनी चष्मा लावला, पान बघितलं, बराच वेळ बघितलं. "हे मीच लिहिलं आहे," ते म्हणाले. "मला बाविसावं वर्ष चालू होतं. आठवतं. पस्तीसच्या दारात शेवंताबाई होत्या, कडेवर मूल. मी विचारलं, हा कोणाचा? त्या म्हणाल्या, माझा. तुझी आजी तिथेच उभी होती, बाजूला."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"आणि तुम्ही लिहिलंत?"

"हे बघ विजया, जनगणनेत खरंखोटं करायचं नसतं. माणूस सांगेल ते लिहायचं, हा नियम. मी काय, आईच्या कडेवरचं मूल तिचं नाही म्हणून वाद घालणार?"

नियमाला धरून वागणाऱ्या माणसाचा मला पहिल्यांदा राग आला तो तेव्हा. पुढे तीस वर्षं मी स्वतः कचेरीत नियमाला धरूनच वागले, ती गोष्ट वेगळी.

आता सांगायचं कोणाला? आईला सांगितलं तर आई रडणार. बाबांना सांगायची हिंमत नव्हती. रात्रपाळी करून आलेला माणूस, चहात पाव बुडवून खातोय, त्याला काय सांगायचं? मी ताईला गच्चीवर बोलावलं. आई आणि शेवंताआजी कुरडया घालून गेल्या होत्या. कावळ्यांना हाकलायला आम्हाला बसवलं होतं. मी दोन्ही वह्या उघडून तिच्या मांडीवर ठेवल्या आणि माझी यादीपण दिली.

ताईने सगळं वाचलं. "कान पण बघितलेस तू?"

"हो."

"तुझं डोकं फिरलंय." मग ती पुन्हा पस्तीस नंबराच्या पानावर आली आणि तिथेच थांबली. तिचं बोट 'भिकू' वर होतं. "सुधीरला सांगितलंस?"

"नाही."

"कोणाला सांगितलंस?"

"मास्तरांना विचारलं फक्त."

"म्हणजे उद्या चाळीत होणार. त्यापेक्षा आपणच सगळ्यांना बोलवूया." तिचा आवाज स्थिर होता, पण एक कावळा येऊन कुरडई घेऊन गेला तरी तिने हात हलवला नाही. "खरं निघालं तर नाही करायचं लग्न. पण मला तोंडावर सांगायला पाहिजे कोणीतरी. वहीत वाचून नाही मोडणार मी."

अशी ती दहा तारखेची बैठक जमली. बाबांची ड्युटी दोनला सुटणार होती. आईला आदल्या रात्री ताईने सांगितलं होतं. तिने रडून घेतलं होतं आणि आता ती सगळ्यांना चहा देत होती, कारण हातात काहीतरी हवं होतं. वसंतकाका भिंतीला टेकून, आपल्याला का बोलावलंय याचा पत्ता नसलेले. ताईने वही सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवली आणि वाचली. दोन्ही पानं.

वसंतकाका आधी हसले. मग त्यांनी आपल्या आईकडे बघितलं. "म्हणजे मी आणि भिकू… च्यायला! आये, काय गो ह्या?"

शेवंताआजीने पदर सारखा केला. "माझोच तो. मी घेतलंय तेका."

"घेतलंस म्हणजे?" ताई म्हणाली. "जन्म कोणी दिला?"

खोलीत खालच्या यंत्रांची धपधप ऐकू येत होती. आजी चुलीकडे तोंड करून बसली होती, आमच्याकडे पाठ.

"जन्म हिनां दिल्यान," शेवंताआजी म्हणाली. "ह्याच खोलयेत. सुईणीच्या बाजूक मी होतंय. हिचे तीन गेल्ले, सुनीता. एक म्हयन्याचो, एक वर्साचो, एक तर बघूकच गावलो नाय. चवथो झालो तेवा सुईण म्हणाली, ह्या बायच्या हातात पोर ऱ्हवत नाय. जिची जगतत तिका दे. माझो वसंत चांगलो खेळत होतो. मगे बाराव्या दिसाक हिनां पोर सुपात घातल्यान आणि उंबऱ्याच्या भायर ठेवल्यान. मी तिका ओंजळभर कणी दिलंय आणि पोर उचललंय. त्या दिसापासून ह्यो माझो. हिनां तेका आपलो म्हणाचो नाय. तोंडान नायच नाय. म्हटल्यान की तो गेलो."

"पण राहायचा इकडेच," वसंतकाका एकदम म्हणाले. "मला आठवतं. झोपायचा ह्यांच्याकडे. मी रडायचो, माझ्याकडे का झोपत नाही म्हणून."

"झोपाक हंय, दूध पिवक हंय. नावाक माझो."

मला खरं सांगायला हवं. माझा विश्वास बसला नाही. फार चपखल होतं ते. लग्न वाचवायचं असेल तर कोणीही असंच सांगेल, असं मला वाटलं, आणि मी तसं म्हणाले. "मग शाळेत आजोबांचं नाव कसं? दुसऱ्या वहीत इकडे कसा?"

"बापाशीन म्हटलां तर चलता," शेवंताआजी म्हणाली. "आवशीन म्हणाचां नाय."

मास्तर पुढे सरकले. त्यांनी वही उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि माझ्याकडे सरकवली. प्रत्येक पानाच्या तळाला, समासात, बारीक अक्षरात 'माहिती देणार' असं लिहून पुढे एक नाव होतं. ते माझ्या तक्त्याला नको होतं, म्हणून मी वाचलंच नव्हतं. जुन्या वहीत आमच्या पानावर: पार्वती. पस्तीसच्या पानावर: शेवंती. दहा वर्षांनंतरच्या वहीत आमच्या पानावर: रामचंद्र. म्हणजे पहिल्या वेळी आजोबा पाळीवर होते आणि दारात आजी उभी होती. दुसऱ्या वेळी आजोबा घरी होते. मी इतकी व्यवस्थित मुलगी, आणि सगळं पान वाचून तळाची ओळ सोडली होती.

तरी तो पुरावा नव्हता. ताईलाही तो पुरेना. ती उठून आजीसमोर जाऊन बसली. "आजी, शेवंताआजीचं ऐकलं. आता तू सांग. एकदाच. भिकाजी माझा मुलगा, एवढं म्हण. मी बाकी काही विचारणार नाही."

आजीने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. मग तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला, दोन्ही हात, एकावर एक. लहान मूल ओकारी थांबवतं तसे. उठली, आमच्यामधून वाट काढत गॅलरीत गेली आणि कठड्यावरून खाली वाकून रस्त्याकडे बघत राहिली. बाबांची यायची वेळ नव्हती. तिला ठाऊक होतं. तरी ती बघत राहिली. बस आली की मान पुढे, बस गेली की मागे. त्रेचाळीस वर्षांचा मुलगा, गोदामाच्या फाटकावर काठी घेऊन बसलेला, धडधाकट, आणि ही बाई एका वाक्याने त्याला काही होईल म्हणून कठडा धरून उभी होती.

ताई तिच्या मागे गेली. तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे आजी. नको म्हणूस." मग आत वळून म्हणाली, "साखरपुडा पाडव्यालाच."

मी म्हटलं, "पण ताई, तिने सांगितलंच नाही."

"दुसऱ्याच्या पोरासाठी कोण एवढं घाबरतं गं?"

वसंतकाकांनी डोळे पुसले, मग मला म्हणाले, "काय गो पोलीस, चौकशी संपली?" आई खळखळून हसली आणि पुन्हा रडली. सुधीर बारा वाजता दोन पिशव्या घेऊन आला, आणि सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाला, "कोणी गेलं काय?" त्याला ते लग्नानंतर कळलं. तो नेहमीप्रमाणे हसला. बाबा अडीचला आले. आजीने पान वाढलं, शेवंताआजीने फळीवर तीनदा ठोकलं आणि वरच्या मोकळ्या जागेतून तळलेल्या तुकडीची बशी पुढे केली. बाबा म्हणाले, "आज एवढी शांतता का आहे?" आजी म्हणाली, "जेव."

घेतलेलं मूल परत करायचीही रीत असते, हे मला त्यानंतर समजलं. मुलाच्या लग्नात आई तेवढीच कणी, साडी आणि नारळ त्या बाईला देते, ती मूल परत करते, आणि आई सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणते, हा माझा. बाबांचं लग्न गावी झालं आणि नेमका तेव्हा शेवंताआजीचा नवरा इस्पितळात. ती गेलीच नाही. राहिलं ते राहिलं. बैठकीनंतर शेवंताआजी मागे लागली, सुनीताच्या लग्नात उरकून टाक. आजी म्हणाली, मांडवात नको. मग बाबांना कावीळ झाली, तेव्हा तर नकोच. मग अधिक महिना. मग काहीतरी. तीन वर्षांनी शेवंताआजी गेली. वसंतकाकांनी मुंडण केलं, आणि त्यांच्या शेजारी, कोणी न सांगता, बाबा न्हाव्यापुढे बसले. बाबांना काय ठाऊक होतं आणि कधीपासून, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या दिवशी दोन्ही तुळतुळीत डोकी बाजूबाजूला बघून माझा संशय एकदा पुन्हा उठून बसला, हेही नोंदवून ठेवते. आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. ते वाक्य तिने म्हटलं नाही.

ताईचा मोठा मुलगा आता म्हणतो, मावशी, हल्ली डीएनएसाठी थुंकी पाठवली की तीन आठवड्यांत सगळं कळतं. मी त्याला म्हटलं, तुझी थुंकी तुझ्याकडे ठेव. मला कळून घ्यायचं होतं ते मी गॅलरीत बघितलं. आता पुन्हा शिरगणतीच्या गोष्टी चालू आहेत, या खेपेला म्हणे फोनवरच भरायची. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. सत्त्याहत्तर चालू आहे, दोन स्टेंट, कान कमी, भूक चांगली. घराची माहिती मीच भरणार. माहिती देणार: मी.

परत घ्यायची रीत मूळच्या बायका नसल्या तरी करता येते, असं गावच्या देवळातल्या गुरवाने सांगितलं. घेणाऱ्या घरची सून चालते. पस्तीस नंबराची सून म्हणजे ताई. देणाऱ्या घरच्या बाईच्या जागी लेक चालते, म्हणजे मी. ताईने आपल्याच बापाला माझ्या हाती परत द्यायचं. आम्ही दोघी यावर फोनवर पोट धरून हसलो. मी यादी केली: सूप, ओंजळभर कणी, साडी, नारळ. सगळं पहिल्या वर्षीच आणलं. कणीला दोनदा किडे झाले, बदलली. दर पाडव्याला ताई विचारते, "काय गं, उरकायचं ना?" मी सांगते, पुढच्या आठवड्यात बाबांची डॉक्टरची तारीख आहे, ती होऊन जाऊ दे. मग ते रिपोर्ट. मग उन्हाळा फार. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधी नव्हता. बाबा आतल्या खोलीत बातम्या मोठ्याने लावून बसतात, मी दाराशी जाते, बघते, आणि परत येते. डायरी बदलली की यादी नव्या डायरीत उतरवते. सामानासमोर बरोबरच्या खुणा आहेत. शेवटच्या ओळीसमोर नाही. मोठ्याने म्हणणे: हा आमचा.